१०, किंग हेन्रीज रोड, लंडन: घर, त्याचे मालक आणि त्याचा वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनमधल्या ज्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिले आणि जे आज महाराष्ट्र शासनाच्या मालकीचे संग्रहालय आहे, त्या घराविषयी वाचकांकडून वर्षभर प्रश्न येत असतात. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की त्यांत भर पडते. बहुतेक प्रश्नांत मालकी आणि वापर या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते. घर कोणाचे हा एक प्रश्न, त्या घरात काय करता येते हा दुसरा. म्हणून पुढची उत्तरे हा भेद मनात ठेवून लिहिली आहेत. एका उत्तरातली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे घर नेमके कुठे आहे? बातम्यांत त्याला ‘बंगला’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

घर उत्तर लंडनमध्ये, कॅमडेन बरोच्या (लंडनच्या एका प्रशासकीय विभागाच्या) हद्दीत, प्रिमरोझ हिल या टेकडीवजा उद्यानाच्या जवळ आहे. नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्म स्थानकावर उतरून तिथे चालत जाता येते. ‘बंगला’ हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे. बंगला म्हटले की चारही बाजूंनी मोकळी जागा, अंगण आणि फाटक डोळ्यांसमोर येते. हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले शहरी घर आहे, म्हणजे रुंदीला बेताचे, उंचीला वाढलेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे. अशा घरात एकेका मजल्यावर मोजक्याच खोल्या असतात आणि घरातली बरीचशी ये-जा जिन्यावरून होते.

२. या रस्त्याला राजा हेन्रीचे नाव का आहे? मूळ जमीन कोणाची होती?

जमीन ईटन कॉलेज या शाळेची होती. सहाव्या हेन्री राजाने १४४० मध्ये ही शाळा स्थापन केली आणि त्याच शतकात ‘चॉकट्स’ नावाची ही शेतजमीन तिच्याकडे आली. म्हणून या परिसरातले रस्ते अजूनही शाळेची आठवण सांगतात: ईटन रोड, शाळेतल्या पदांच्या नावांचे प्रोव्होस्ट रोड आणि फेलोज रोड, आणि संस्थापकाच्या नावाचा किंग हेन्रीज रोड.

लंडन उत्तरेकडे सरकू लागले तसे शेतीपेक्षा घरे अधिक उत्पन्न देतील हे शाळेच्या लक्षात आले. १८२६ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेऊन तिने नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने बांधकामासाठी जमीन देण्याचा अधिकार मिळवला. पुढे लंडन–बर्मिंगहॅम रेल्वे याच जमिनीतून जाणार असे ठरले, तेव्हा वरच्या जमिनीवर घरे बांधता यावीत म्हणून शाळेने उघड्या खोदाईऐवजी बोगद्याचा आग्रह धरला आणि त्याच्या तोंडाला शोभिवंत दगडी दर्शनी भाग करायला लावला. १८३७ चा हा प्रिमरोझ हिल बोगदा आजही वापरात आहे. १८४२ मध्ये टेकडीचा भाग अदलाबदलीने राजसत्तेकडे गेला आणि त्यामुळेच तो आज सर्वांना मोकळा आहे. उरलेल्या जमिनीवर पुढच्या दशकांत एकामागून एक रस्ते आणि घरे उभी राहिली.

नवी मुंबईत सिडकोच्या भूखंडावर घर घेतलेल्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. भिंती आपल्या, पण त्यांच्याखालची जमीन पट्ट्यावर आणि पट्ट्याची मुदत कागदावर. अशा घरांची ‘मालकी’ एका वाक्यात सांगता येत नाही ती यामुळे.

३. इतके मोठे घर कोणासाठी बांधले होते? मग त्यात भाडेकरू कसे आले?

अशी घरे व्हिक्टोरियन मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी बांधली जात. त्या मध्यमवर्गाच्या घरात निदान एक-दोन नोकर असणे गृहीत धरलेले असे. तळघरात स्वयंपाक, रस्त्यालगतच्या मजल्यावर जेवणघर, त्यावर दिवाणखाना, मग शयनगृहे आणि अगदी वर, उतरत्या छपराखाली, नोकरांच्या आणि मुलांच्या खोल्या अशी मांडणी सर्वसाधारण होती. कोळशाची बादली तळघरातून शेवटच्या मजल्यावर नेणारे हात घरात होते तोवर ती सोयीची ठरली.

पहिल्या महायुद्धानंतर ते हात मिळेनासे झाले. मुली घरकामापेक्षा कारखान्यात आणि कचेरीत जाऊ लागल्या, कर वाढले आणि इतके जिने एका कुटुंबाला झेपेनात. लंडनमधल्या अनेक मालकिणींनी मग एकेक खोली भाड्याने द्यायला सुरुवात केली. खोलीबरोबर न्याहारी आणि रात्रीचे काहीतरी मिळे, आणि या ‘काहीतरी’वर मालकिणीच्या स्वभावाची छाप असे. वसाहतींतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांचे लंडन हे अशाच खोल्यांचे लंडन होते.

४. बाबासाहेब या घराचे मालक होते का? ‘बाबासाहेबांचे लंडनमधले घर’ म्हणणे योग्य आहे का?

ते मालक नव्हते, भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी होते. बाबासाहेबांनी स्वतः बांधलेले घर म्हणजे दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’, आणि तेही मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधलेले. त्याआधीची त्यांची बरीच वर्षे परळच्या बीआयटी चाळीत गेली. ‘बाबासाहेबांचे लंडनमधले घर’ हा शब्दप्रयोग बोलण्यात रूढ झाला आहे आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, कारण आपण बिऱ्हाडालाही घरच म्हणतो. मात्र लिहिताना ‘निवासस्थान’ हा शब्द अधिक अचूक ठरेल.

५. ते इथे कधी राहिले? त्यांचा प्रबंध याच घरात लिहिला गेला का?

घराच्या दर्शनी भिंतीवरच्या निळ्या पाटीवर १९२१–२२ ही वर्षे दिली आहेत आणि बाबासाहेबांचा उल्लेख सामाजिक न्यायासाठी लढणारे भारतीय असा केला आहे. लंडनची ही त्यांची दुसरी खेप होती. पहिल्या वेळी बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. त्यानंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला निघाले. शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत पाठीशी होती, तरी हात आखडताच होता.

या वास्तव्यात त्यांनी १९२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. पदवी मिळवली, १९२२ मध्ये ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध विद्यापीठाला सादर केला. डी.एस्सी. पदवी १९२३ मध्ये मिळाली. प्रबंध ‘या खोलीत’ लिहिला गेला असे सांगण्याचा मोह मार्गदर्शकांना होतो खरा, पण ज्या सामग्रीवर तो उभा आहे ती ब्रिटिश म्युझियम, इंडिया ऑफिस आणि विद्यापीठ यांच्या ग्रंथालयांत होती, आणि बाबासाहेबांचा दिवस तिथेच जाई. खोलीकडे परतायचे ते रात्री. चरित्रांतून त्यांच्या लंडनच्या जेवणाचे जे वर्णन येते ते वाचले की या घरांतल्या रात्रीची कल्पना येते: पावाचा तुकडा, कपभर बोव्हरील (मांसाच्या अर्काचे गरम पेय), आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. मालकीण झोपलेली, पुस्तक उघडे आणि पापडाचा कुरकुर आवाज. शासनाने पुढे विकत घेतले ते हे बिऱ्हाड.

६. बाबासाहेब गेल्यानंतर, १९२२ पासून शासनाने घर घेईपर्यंत, त्याचा वापर काय होता?

नियोजनाच्या नोंदीत त्याचा वापर निवासीच राहिला आणि मालकी खाजगी. पुढचा सगळा वाद याच नोंदीवरून झाला (प्रश्न ९ पाहावा). त्याच्या अवतीभवती मात्र बरेच बदलले. ईटनच्या जुन्या पट्ट्यांच्या मुदती भरत आल्या, शेजारच्या ॲडलेड रोडवरची व्हिक्टोरियन घरे पाडून १९६० च्या दशकात तिथे ‘चॉकट्स इस्टेट’चे उंच मनोरे उभे राहिले. २०१७ मध्ये लंडनमधल्याच ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर बाहेरच्या ज्वलनशील आवरणाच्या भीतीने रातोरात रिकामे केले गेले ते हेच मनोरे. १९६७ च्या कायद्याने दीर्घ पट्टेदारांना आपल्या घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला आणि जुनी जमीनदारी विरत गेली. एकेकाळी खोल्या करून भाड्याने दिलेली ही घरे आज लंडनच्या महागड्या वस्तीत मोडतात.

७. घर केंद्र सरकारने घेतले की महाराष्ट्र शासनाने? किंमत किती पडली?

महाराष्ट्र शासनाने. घर विक्रीला निघाल्याचे पाहून ब्रिटनमधल्या आंबेडकरवादी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने २०१४ मध्ये ते घेण्याची सूचना केली आणि २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन राज्य शासनाने खरेदी पूर्ण केली. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत, त्याचे उद्घाटन झाले. भारतीय उच्चायुक्तालयाचा या कामात सहभाग होता, त्यामुळे केंद्राची मालकी असल्याचा समज पसरला. सूचना लंडनच्या कार्यकर्त्यांची होती हे आपल्याकडच्या श्रेयवादात हटकून विसरले जाते.

८. आत दिसणारा पलंग, चष्मा, पुस्तके मूळची आहेत का?

खोल्यांची मांडणी संग्रहालयासाठी नव्याने केलेली आहे. भिंतींवर छायाचित्रे आणि वचने, शयनगृहात पलंगाजवळ हाताळून कोपरे दुमडलेली पुस्तके आणि त्यांच्याशेजारी चष्मा असे दृश्य उभे केले आहे. त्याला पुनर्रचना समजावे. भाड्याच्या खोलीतले सामान मालकिणीचे असते आणि भाडेकरू ट्रंक घेऊन निघून जातो, हे लक्षात घेतले तर मूळ पलंगाचा आग्रहच चुकीचा ठरतो.

९. घराचे मालक खुद्द शासन असताना संग्रहालय करायला परवानगी का लागली?

हा आमच्याकडे सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न आहे. आपल्याकडे शेतजमीन तुमच्या नावावर असली, सातबाऱ्यावर दुसऱ्या कोणाचे बोट नसले, तरी ती एनए (बिगरशेती) केल्याशिवाय तिच्यावर इमारत बांधता येत नाही, असा नियम वर्षानुवर्षे होता. सात-बारा मालकी सांगतो, एनए वापर ठरवतो. इंग्लंडच्या नियोजन कायद्यातही प्रत्येक इमारतीचा वापर एका वर्गात मोडतो आणि एका वर्गातून दुसऱ्यात जाणे हा, एक वीटही न हलवता, ‘विकास’ समजला जातो. त्यासाठी स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. किंग हेन्रीज रोडवरचे हे घर राहत्या घरांच्या ‘सी३’ वर्गात होते आणि संग्रहालये तेव्हा ‘डी१’ वर्गात येत. खरेदीखताने मालक बदलला, वर्ग बदलला नाही. उद्घाटनाची पाटी लागली तेव्हा कागदावर ते राहते घरच होते.

१०. म्हणजे २०१५ पासून संग्रहालय बेकायदा चालू होते का?

‘बेकायदा’ हा शब्द आपल्याकडे ज्या अर्थाने कानावर येतो त्या अर्थाने नाही. इंग्लंडमध्ये परवानगीविना वापर बदलणे हा नियमभंग आहे, पण तेवढ्याने गुन्हा होत नाही. कौन्सिलने अंमलबजावणीची नोटीस काढली आणि ती मोडली, तर गुन्हा होतो. शिवाय आधी वापर आणि मागाहून अर्ज, ही सोय तिथल्या कायद्यातच आहे.

तसा मागाहूनचा अर्ज फेब्रुवारी २०१८ मध्ये झाला आणि ऑक्टोबरमध्ये कॅमडेन कौन्सिलने तो फेटाळला. राहण्याची जागा कमी होते, हे त्यांचे मुख्य कारण होते. लंडनमधली घरटंचाई पाहता कॅमडेनच्या २०१७ च्या स्थानिक आराखड्यात असलेली घरे टिकवण्याचे धोरण स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे कारण तकलादू नव्हते. शासनाने अपील केले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि निर्णय अपील ऐकणाऱ्या निरीक्षकापाशी न थांबता थेट मंत्र्यांकडे गेला. १२ मार्च २०२० रोजी गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. एका घराइतकी निवासी जागा गमावण्याच्या तोट्यापेक्षा या वास्तूचे सांस्कृतिक मोल अधिक धरले गेले.

आमच्या मते शासनाने हा अर्ज खरेदीबरोबरच करायला हवा होता. उद्घाटनाची तारीख आधी आणि कागदपत्रे नंतर ही सवय मंत्रालयात चालून जाते, कॅमडेनमध्ये तिची किंमत दोन वर्षांची अनिश्चितता ही पडली.

११. शेजाऱ्यांचा विरोध जातीय किंवा वांशिक होता, असे ऐकले. खरे आहे का?

नोंदीवर आलेल्या तक्रारी गर्दी, आवाज आणि बसगाड्या भरून येणारे पाहुणे यांच्याविषयी होत्या, आणि कौन्सिलचा नकार तर प्रश्न १० मध्ये सांगितलेल्या घरटंचाईच्या मुद्द्यावर होता. शांत, राहत्या रस्त्यावर एकाच दारासमोर गट जमले की शेजारी कुरकुरणार हे दादरच्या कोणत्याही गल्लीत राहणाऱ्याला कळेल. त्याचबरोबर हेही खरे की दूरवरून येणाऱ्यांसाठी ते दार साधे नाही, आणि तिथे फोटो काढताना कोणाचा आवाज चढला तर त्यामागे उद्धटपणा नसतो. भेट देणाऱ्यांनी दाराबाहेर रेंगाळू नये, घोषणा आतही देऊ नयेत, एवढे पाळले तरी पुरे.

१२. ही भारतीय शासनाची वास्तू आहे, मग तिला दूतावासासारखे संरक्षण नाही का?

नाही. दूतावासाच्या जागेला मिळणारे संरक्षण १९६१ च्या व्हिएन्ना करारातून येते आणि ते राजनैतिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जागांपुरते आहे. ब्रिटनच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे तर एखाद्या जागेला तो दर्जा मिळण्यासाठी ब्रिटिश सरकारची संमती लागते. राज्य शासन हे परराष्ट्र व्यवहारात सार्वभौम पक्ष नसते. या घरासाठी महाराष्ट्र शासनाने इतर कोणत्याही घरमालकासारखाच अर्ज केला आणि इतर कोणासारखेच अपील केले.

१३. अर्ज न करता गप्प राहिले असते, तर काही वर्षांनी वापर आपोआप वैध झाला नसता का?

प्रश्न चतुर आहे आणि तसा नियम खरोखर आहे. ठराविक काळ कौन्सिलने कारवाई केली नाही तर तिचा अधिकार संपतो. पण तेव्हा चार वर्षांची सवलत मुख्यतः बांधकामाला आणि एखाद्या इमारतीचे राहते घर करण्याला होती. राहत्या घराचे संग्रहालय करण्याला दहा वर्षे लागत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या वापराला ती २०२५ मध्ये भरली असती आणि तक्रार त्याच्या कितीतरी आधी झाली होती. एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ही मुदत सरसकट दहा वर्षे झाली आहे.

१४. काही ठिकाणी ‘डी१’ तर काही ठिकाणी ‘एफ१’ असे लिहिलेले दिसते. कोणते बरोबर?

दोन्ही, आपापल्या काळापुरते. सप्टेंबर २०२० मध्ये वर्गवारी बदलली, डी१ रद्द झाला आणि संग्रहालये एफ१ मध्ये गेली. परवानगी त्याआधीची असल्याने जुन्या कागदांत डी१ दिसेल.

१५. निळी पाटी लागली म्हणजे घर पाडता येत नाही, बरोबर ना?

बरोबर नाही. निळ्या पाट्यांची प्रथा १८६६ पासूनची आहे. ती सोसायटी ऑफ आर्ट्सने सुरू केली, पुढे ती लंडनच्या कौन्सिलांकडे आणि १९८६ मध्ये इंग्लिश हेरिटेजकडे आली. त्यांच्याखेरीज अनेक संस्थाही आपापल्या पाट्या लावतात. पाटी कोणाचीही असो, तिने कायदेशीर संरक्षण मिळत नाही. ते वास्तूची सूचीत नोंद झाल्याने किंवा ती संवर्धन क्षेत्रात असल्याने मिळते. पाटी फक्त सांगते की इथे अमुक राहत होते.

१६. लोकमान्य टिळक आणि सावरकर यांच्या लंडनमधल्या घरांचेही असेच संग्रहालय झाले आहे का?

झालेले नाही, आणि तिन्ही घरांची वाट वेगळी गेली. चिरोल खटल्यासाठी गेलेले टिळक १९१८–१९ मध्ये मेडा व्हेल भागात १०, हॉली प्लेस इथे राहिले (क्रमांक इथेही दहाच). तिथे पाटी आहे. हायगेटमधले ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे घर श्यामजी कृष्ण वर्मा यांनी भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी घेतले, १ जुलै १९०५ रोजी ब्रिटिश समाजवादी नेते हाइंडमन यांच्या हस्ते ‘इंडिया हाउस’ म्हणून उघडले आणि सावरकर १९०६ मध्ये तिथे राहायला आले. १९०९ मध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायली यांची हत्या झाली, त्यानंतर ते टिकले नाही. मूळ घरावर सावरकरांच्या नावाची पाटी आहे, तर त्याची हुबेहूब प्रतिकृती श्यामजींच्या जन्मगावी, कच्छमधल्या मांडवीला, उभी केलेली आहे. त्या प्रतिकृतीसाठी अर्थातच कॅमडेनला किंवा हॅरिंगेला (हायगेटमधल्या त्या घराच्या कौन्सिलला) विचारावे लागले नाही.

१७. उद्या शासनाने हे घर विकले, तर संग्रहालयाची परवानगी रद्द होईल का? नवा मालक तिथे राहू शकेल का?

इंग्लंडमध्ये नियोजन परवानगी सर्वसाधारणपणे जागेला चिकटते, माणसाला नाही. अटीत तसे वेगळे लिहिलेले नसेल तर मालक बदलला तरी ती टिकते. त्यामुळे घर विकले तरी परवानगीमुळे मिळालेला संग्रहालयाचा वर्ग त्याच्याबरोबर जाईल, आणि नव्या मालकाला तिथे बिऱ्हाड थाटायचे असेल तर एफ१ मधून सी३ मध्ये येण्यासाठी त्यालाच कॅमडेनकडे अर्ज करावा लागेल.